बिनकाट्याचा देठ

३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. एरवी आधी तब्येत, मग हवा आणि शेवटी काम असं लिहिते. आज काम आधी, कारण दिवस थोडे आहेत.

आपल्या किल्ल्यांच्या दुकानासमोरचं अंगण रस्त्यात जाणार आहे. नगरपालिकेची नोटीस आली. दुकान वाचलं, वरच्या आमच्या खोल्या वाचल्या, पण अंगणातला बाबांचा माड जाणार. नारळाचा नव्हे गं, शोभेचा. तू शेवटचा पाहिलास तेव्हा माझ्या कमरेइतका होता. आता त्याचा शेंडा बाबांच्या खिडकीपर्यंत आला आहे. पक्षाघाताला दहा महिने झाले. तेव्हापासून बाबा त्या खिडकीशीच असतात. उजवा हात चालत नाही, बोलणं बंद. सकाळी खुर्ची भिंतीकडे तोंड करून राहिली, तर डाव्या हाताने पलंगावर थापा मारून घर डोक्यावर घेतात.

मी उद्यान विभागात जाऊन आले. तिथले साहेब वाईट नाहीत. म्हणाले, "झाड रस्त्यापलीकडे शाळेच्या मैदानात हलवू. मुख्याध्यापिका जागा देतायत. पण जात कोणती ते लेखी आणा. जातीवर हलवायची पद्धत ठरते. चुकीच्या पद्धतीने उचललं की झाड दोन महिन्यांत वाळतं, आणि मग लोक आम्हाला शिव्या घालतात."

नर्सरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पाम आहे." एवढं मलाही माहीत होतं.

तू एकतीस वर्षं वनस्पती संग्रहालयात वाळलेली पानं कागदावर चिकटवून खाली नावं लिहिलीस. तू सांग. शाळेचं मैदान बाबांच्या खिडकीतून दिसतं, आत्या. झाड तिथे जगलं तर त्यांच्यासमोरच राहील.

ठकू


९ फेब्रुवारी

ठकू,

पत्र मिळालं. फोन केला नाहीस हे बरं केलंस. फोनवर हल्ली तू काय आणि वारा काय, मला सारखंच ऐकू येतं. शेजारीणबाई माझ्या वतीने फोनवर बोलतात खऱ्या, पण मग अर्धा तास त्या स्वतःच्याच गुडघ्यांबद्दल बोलतात.

आधी एक कबूल करते. नावं ठरवायचे ते मोठे लोक. मी चिकटवायचे आणि सुवाच्य अक्षरात लिहायचे. पण एकतीस वर्षं पोळपाटाजवळ उभं राहिलेल्यालाही पोळी गोल कशी होते ते कळतं. तेव्हा पुढच्या प्रश्नांची उत्तरं पाठव. अंदाजाने लिहू नकोस, हात लावून लिही.

पान पंख्यासारखं आहे की पिसासारखं? पानाच्या फाटलेल्या पट्ट्यांच्या मध्ये पांढरे दोरे लोंबतात का? जुन्या पानाचा देठ खोडाला चिकटतो तिथे उलट्या व्ही-सारखा चिरलेला असतो का? देठाच्या कडेला काटे आहेत का? आणि देठ संपून पान सुरू होतं, तिथून मधली शीर पानात किती आत शिरते?

दोन-तीन फोटो टाक. दादा कसा आहे ते दोन ओळींत लिहिलंस. तिसरीही लिहिलीस तरी चालेल.

आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

आकडीची काठी घेऊन खालची दोन पानं ओढून काढली. उत्तरं तुझ्या क्रमाने:

पंख्यासारखं. दोरे आहेत, भरपूर. दुकानात येणारी पोरं ते मिशा म्हणून लावतात. देठ खाली चिरलेला आहे. काटे अजिबात नाहीत. मी दोन्ही देठांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, एखाद्या चांगल्या किल्लीसारखे गुळगुळीत आहेत. मधली शीर आत शिरते, पण फार नाही, साधारण वीतभर.

फोटो सोबत आहेत. खोड स्वच्छ दिसतंय ते बाबांमुळे. तुला ठाऊक नसेल, दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ते दोन दिवस दुकान बंद ठेवून शिडी लावायचे. वाळलेली पानं उतरवायची, खोड साफ करायचं, वर काय काय करत बसायचं. आई म्हणायची, "गेले झाडाची दाढी करायला." मी आधी शिकायला, मग नोकरीला बाहेरगावी होते, म्हणून मी पाहिलं ते फक्त दाढी झालेलं झाड.

तिसरी ओळ: डॉक्टर म्हणतात, यांना समजतं किती ते सांगता येत नाही. मी हाक मारली की बघतात. पण खिडकीतून कावळा ओरडला तरी बघतात.

ठकू


२० फेब्रुवारी

ठकू,

साबल पाम. पंख्याचं पान, दोरे, चिरलेला देठ, आणि काटे नाहीत. दिसायला जवळचे म्हणावेत असे बाकीचे पाम काटेरी असतात. काट्यांवरच हा वेगळा पडतो.

साहेबांसाठी वेगळा कागद जोडला आहे, सहीनिशी, हुद्द्यासह. 'निवृत्त' हा शब्द जरा बारीक लिहिला आहे. हलवायची पद्धत त्यात दिली आहे. साबलची मुळं कापली की कापलेली सगळीच मरतात, झाड बुंध्यातून नवी काढतं. म्हणून मुळांभोवतीचा मातीचा गोळा लहान घेतला तरी चालतो. पण नवी मुळं येईपर्यंत पाणी ओढणारं काही नसतं, म्हणून पानं सगळीच्या सगळी उतरवायची, फक्त मधला कोंब ठेवायचा. झाड मुंडण केल्यासारखं दिसेल, घाबरू नकोस.

एका देठाचा तुकडा मला पार्सलने पाठव. काम म्हणून नव्हे. हाताला जरा बरं वाटेल.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

कागद दिला. साहेबांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "असं अक्षर आता कोणाचं नसतं." तारीख ठरली, सोळा मार्च. क्रेन त्या एकाच दिवसासाठी मिळाली आहे. देठाचा तुकडा पार्सलने आजच टाकला.

काल एक वाईट प्रसंग झाला. तुझा कागद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांचं झाड म्हणून. 'काटे नाहीत' इथवर आले आणि ते एकदम बिथरले. पलंगाशेजारच्या फळीवर त्यांची जुनी हत्यारं मी आठवण म्हणून मांडली आहेत. त्यातली कानस त्यांनी डाव्या हाताने ओढली आणि पलंगाच्या कडेवर घासायला लागले. लाकडाचा भुगा पडायला लागला. मी म्हटलं, "बाबा, दुकान मी बघतेय ना? किल्ल्या मीच घासतेय. तुम्ही आता काम नाही करायचं." तर आणखी जोरात. शेवटी मी कानस हातातून काढून कपाटावर ठेवली. ते भिंतीकडे वळले ते जेवायलाही वळले नाहीत.

चाळीस वर्षं किल्ल्या घासलेल्या माणसाला काम आठवणारच. पण त्यांना वाटतंय ते आता होणार नाही, हे त्यांना कसं सांगायचं? आणि सांगितलेलं पोचतंय की नाही, हे तरी कुठे कळतं?

ठकू


४ मार्च

ठकू,

हे पत्र वाचून होताच उठ आणि साहेबांकडे जा. पानं उतरवू देऊ नकोस.

पार्सल आज आलं. चष्मा पुसून बसले, भिंग घेतलं, काही दिसलं नाही. मग सवयीने डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत, मग किंचित खरखर. पुन्हा गुळगुळीत, पुन्हा खरखर. दोन्ही कडांना, ठरावीक अंतरावर. निसर्गाने गुळगुळीत केलेली कड अशी नसते. इथे काहीतरी होतं, आणि कोणीतरी ते एकेक करून घासून काढलं आहे.

तिथे काटे होते, ठकू. म्हणजे हा साबल नव्हे. हा वॉशिंग्टोनिया. त्याचेही दोरे, त्याचाही देठ चिरलेला. आणि मधली शीर वीतभरच आत शिरते. साबलची चांगली लांब, पान वाकवत जाते. तुझं शिरेचं उत्तर वाचून मला खटकलं होतं. तरी मी ते गिळलं, कारण दादासाठी काहीतरी ठामपणे सांगता यावं असं मला फार वाटत होतं. एकतीस वर्षांत चुकीचं नाव चिकटवलं नाही, आणि चिकटवलं ते भावाच्या झाडाला.

वॉशिंग्टोनियाचं उलट असतं. त्याचं मूळ जितकं लांब राखाल तितकं जगायची शक्यता जास्त. गोळा मोठा हवा, खोडापासून चांगला हात-दीड हात सोडून. पानं निम्मी ठेवायची, कोंबाभोवती बांधून घ्यायची. साबल समजून उचललं तर त्याची मुळं तोकडी होतील आणि पानंही जातील. मग त्याने जगायचं कशावर?

नवा कागद जोडला आहे. शेजारीणबाईंना दुकानात फोन करायलाही सांगितलं आहे. गुडघ्यांबद्दल बोलल्या तर मध्येच तोड.

एक सांग. हे घासलं कोणी?

आत्या


५ मार्च

आत्या,

काहीतरी घोळ आहे, आणि त्याहून मोठं काहीतरी घडलं आहे. नीट लिहिते.

उद्यान विभागाचा मुकादम आज येऊन सांगून गेला की कोंबाला फडकं बांधून ठेवा, म्हणजे पानं उतरवताना चुकून त्यावर घाव पडणार नाही. मी बाबांची शिडी लावून वर गेले. मधल्या पानात हात घातला आणि ओरडलेच. काटे! करवतीच्या पात्यासारखे, वाकडे, दोन्ही कडांना. खालची पानं गुळगुळीत आणि वरची काटेरी. मला वाटलं एकात एक दोन झाडं वाढली आहेत की काय. एक देठ कापून खाली आणला.

वर बाबांच्या खोलीत हात धुवायला गेले. बोटातून रक्त येत होतं. बाबांनी बोट बघितलं, देठ बघितला आणि डावा हात उचलून थेट कपाटाच्या माथ्याकडे दाखवला. जिथे मी कानस ठेवली होती तिथे. मी काढून दिली. मग त्यांनी देठ मांडीवर घेतला, अधू हाताच्या कोपराखाली दाबून धरला आणि एक काटा घासायला लागले. डाव्या हाताने, हळूहळू. एका काट्याला दहा मिनिटं लागली. झाल्यावर त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. आत्या, जुनी किल्ली न आणता 'तशीच करून द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते जसं बघायचे, अगदी तसं.

वर शिडीवर बसून ते हे करायचे. बाबांनी कधी किल्ली कापून तशीच गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही. आधी बारीक कानशीने कडा मारायचे. म्हणायचे, "आपल्या दुकानातून गेलेली वस्तू कोणाला ओरखडता कामा नये." ते झाडही दुकानासमोरच उभं होतं, खाली पोरं खेळायची, पानं गळून त्यांच्या हातात जायची. पक्षाघाताआधीची पानं गुळगुळीत आहेत. त्यानंतर उगवलेली काटेरी.

आणि मी त्यांना म्हणत होते की तुम्हाला दुकान आठवतंय. ते मला सांगत होते की कागदावर चूक आहे. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता. अकरा महिने मी त्यांच्यासमोर डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी त्यांच्याबद्दल बोलले आहे, जणू ते खोलीत नाहीतच. काय काय बोलले ते आठवायचीही लाज वाटते.

मी त्यांचे पाय धरून रडले. त्यांनी डोक्यावर थोपटलं आणि मग कानशीनेच देठाकडे खूण केली, की आता पुढचं बघ.

हे झाड कोणतं, आत्या? लवकर कळव.

ठकू


९ मार्च

आत्या,

तुझं पत्र आलं आणि माझं तुला मिळालं असेल. दोघी एकाच दिवसाच्या अंतराने एकच गोष्ट लिहीत होतो. शेजारीणबाईंचा फोनही आला. गुडघे आता बरे आहेत.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. 'अंगठा फिरवला' या वाक्याला त्यांनी मान हलवली. मग 'चुकीचं नाव चिकटवलं' या वाक्याला ते हसले, आत्या, चांगले खदखदून. तुझी चूक झाली याचा त्यांना फार आनंद झालेला दिसला.

दोन्ही देठ घेऊन साहेबांकडे गेले.

"बाई, मागच्या महिन्यात या झाडाला काटे नव्हते. आता आले?"

"होते, साहेब. माझ्या वडिलांनी घासून काढले."

"सगळे?"

"चोवीस वर्षं."

साहेबांनी दोन्ही देठांवरून बोट फिरवलं. मुकादम शेजारी उभा होता. तो म्हणाला, "साहेब, आपण जे झाड सगळ्या गावात हातमोजे घालून छाटतो, त्याला या माणसाने उघड्या हाताने गोंजारलंय." साहेबांनी जुना कागद परत दिला, नव्यावर शेरा मारला आणि म्हणाले, "गोळा मोठा म्हणजे मोठी क्रेन. बघतो." आजच निरोप आला, मोठी क्रेन मिळाली, पण सोळाऐवजी एकोणीस.

ठकू


२ एप्रिल

आत्या,

हललं. एकोणीस तारखेला सकाळी सातला सुरू केलं, दुपारी तीनला ते शाळेच्या मैदानात उभं होतं. बाबांची खुर्ची आम्ही खिडकीला टेकवून ठेवली होती. झाड जमिनीतून सुटलं तेव्हा त्याची सगळी पानं एकदम थरथरली आणि बाबांनी माझं मनगट असं धरलं की अजून निळं आहे. मुकादम खालून वर खिडकीकडे बघून दर थोड्या वेळाने हात दाखवायचा, आणि बाबा डावा हात वर करायचे. त्या दिवशी त्या दोघांशिवाय कोणाचंच काही चाललं नाही.

पण चौदा दिवस झाले. ठेवलेल्या पानांतली बरीच तपकिरी झाली आहेत. तू नव्या कागदात सांगितल्याप्रमाणे कोंबाला शेजारच्या देठाच्या बरोबरीने लाल दोरा बांधला आहे. कोंब वाढला तर दोरा वर सरकेल. रोज शाळा सुटल्यावर जाऊन बघते. तसूभरही हललेला नाही. मुख्याध्यापिका म्हणतात, वाळलं तर पोरांच्या अंगावर पडायच्या आत काढावं लागेल. मे अखेरपर्यंत वाट बघू, असं त्यांनी कबूल केलं आहे.

बाबांना काय सांगू? आधी सांगितलं असतं, 'छान आहे बाबा.' आता खोटं बोलायची सोय राहिलेली नाही.

ठकू


८ एप्रिल

ठकू,

खरं सांग. त्याने आयुष्यभर अडलेली कुलपं उघडली आहेत. वाट बघणं त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

पानं तपकिरी होणारच, ती कापू नकोस. पाणी मुळाला घाल, कोंबात घालू नकोस, सडेल. कोंब धरून हलकेच ओढून बघ. हातात आला तर संपलं. घट्ट असला तर आत काम चालू आहे.

आत्या


१४ मे

आत्या,

घट्ट होता. तेव्हा ते कळवलं नाही, कारण एवढ्यावर तुला आशा लावायची हिंमत झाली नाही.

आज दोरा चार बोटं वर आहे. पहिल्यांदा पंचवीस एप्रिलला अर्धं बोट सरकला, पण मला वाटलं मीच ढिला बांधला असेल. नवा बांधला. तोही सरकला. काल कोंबाच्या टोकाशी हिरवी चीर पडली, पान सुटायला लागलं आहे. मुख्याध्यापिकांनी स्वतः खाली उभं राहून पाहिलं आणि म्हणाल्या, "मे अखेर हा शब्द मी मागे घेते." मुकादम येऊन गेला. त्याने मला नाही, खिडकीकडे बघून हात जोडले.

बाबांसाठी आता वाचा शिकवणाऱ्या बाई येतात, आठवड्यातून दोनदा. मी त्यांना देठाची सगळी हकिकत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग समजत नाही असं कोण म्हणतंय? यांना फक्त बाहेर काढायची वाट हवी." आता अक्षरांची पाटी, चित्रं, कॅलेंडर, सगळं समोर असतं. बोट ठेवून सांगतात. पहिलं पूर्ण वाक्य काय सांगितलं असेल? 'चहात साखर कमी.' वर्षभर गप्प बसून हे साठवलं होतं.

ठकू


२० मे

ठकू,

मी शेजारीणबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्या रडल्या. मी रडले नाही, मी पेढ्यांऐवजी जुने कागद वाटले, वाळवलेल्या पानांचे, जिन्यातल्या पोरांना.

आता माझं ऐक. त्याच्या पक्षाघाताला वर्ष उलटून गेलं, मी एकदाही आले नाही. तुला सांगत होते, प्रवास झेपत नाही. झेपतो. मला वाटायचं, त्याला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही, दोघं समोरासमोर बसून काय करणार? आणि खरं त्याहून वाईट आहे. मला भीती होती की तो माझ्याकडे बघेल आणि ओळखणार नाही. ते मला बघायचं नव्हतं. म्हणून लांबून प्रश्नपत्रिका पाठवत बसले.

त्याला विचार, मी येऊ का. तो नको म्हणाला तरी मला राग येणार नाही. हो म्हणाला तर कधी, तेही विचार. तिकीट काढायला वेळ लागतो.

आत्या


२५ मे

आत्या,

पान पूर्ण उघडलं आहे. खिडकीतून बघताना बाबांनी ते मला दाखवलं, मी त्यांना नाही.

तुझं पत्र काल आलं. त्यांच्यासमोर बसून सगळं वाचलं, एकही ओळ न गाळता. 'ओळखणार नाही' इथे मी थांबले तर त्यांनी हाताने खूण केली, पुढे वाच. वाचून झाल्यावर विचारलं, "येऊ दे का तिला?" त्यांनी पाटीकडे बघितलंही नाही. सरळ कॅलेंडर ओढलं आणि एका तारखेवर बोट ठेवलं.

कालच्याच, पत्र आलं त्या दिवसाच्या.

मी म्हटलं, "बाबा, पत्र तिच्याकडे पोचायलाच चार दिवस लागतात. मग तिकीट. मग प्रवास. जूनमधली एखादी तारीख दाखवा." बोट हलेना. मी पान उलटून जून समोर धरला. त्यांनी पान परत उलटलं आणि पुन्हा त्याच चौकोनावर बोट ठेवलं, या वेळी दाबून.

तेव्हा तुला आधीच उशीर झाला आहे असं समजून निघ.

ठकू